बारा मिनिटांत वाटेवर राहिलेले देव

माझ्या हातात रजिस्टर देऊ नये, असं माझी धाकटी बहीण कुंदा पहिल्यापासून म्हणत आली आहे. लहानपणी वाणसामानाची यादी मी लिहिली की घरात हमखास मीठ यायचं नाही. तरीही जव्हारच्या आमच्या दोन खोल्यांच्या संग्रहात गेली चौदा वर्षं रजिस्टर माझ्याच हातात आहे. वारली, कोकणा, कातकरी पाड्यांवर जायचं, म्हाताऱ्या माणसांची गाणी, गोष्टी, झाडपाल्याची माहिती टेपवर उतरवून आणायची, वहीत नोंद करायची, आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी ज्यांची गाणी त्यांनाच बोलावून ऐकवायची, हे आमचं काम. माणसं येतात, गेलेल्या आजीचा आवाज ऐकून आधी हसतात, मग डोळे पुसतात, आणि चहा पिऊन जातात.

यंदा जानेवारीत मी कतारला जाऊन आलो तो या रजिस्टरातल्या एका ओळीमुळे. 'धवलेरीचं लग्नगीत. गाणार बुधीबाई. पूर्ण, बारा मिनिटे.' या ओळीतले शेवटचे तीन शब्द खोटे आहेत.

वारल्यांच्या लग्नाला भटजी लागत नाही, धवलेरी लागते. ही बाई गाते आणि तिच्या गाण्यानं लग्न लागतं. नऊ वर्षांपूर्वी बुधीबाई एका लग्नात गात होत्या. माझ्याजवळ एकच कॅसेट, तीही दळणाच्या ओव्यांनी बरीचशी भरलेली. बारा मिनिटं झाली आणि यंत्राचं बटण खट् करून उडालं. धवलेरीला मध्येच थांबवायची माझी छाती नव्हती. म्हणून मी पुढचे कित्येक तास बंद पडलेल्या यंत्राचा माइक त्यांच्यासमोर धरून बसलो. चेहरा मात्र असा, की सगळं आत चाललंय. दुसऱ्या दिवशी वहीत 'पूर्ण' लिहिलं. नंतर एकदा जाऊन उरलेलं उतरवून आणू, असं ठरवलं होतं. ते 'नंतर' नऊ वर्षं चाललं.

दरम्यान लग्नांत डीजे आले. बुधीबाईंबरोबर गाणाऱ्या दोघी बहिणी गेल्या. बुधीबाई भेटल्या की म्हणायच्या, "माजा गानां तुज्या पेटीत हाय, मास्तर. माना आथां मराची काळजी नाय." होळीनंतर त्यांची नात सोनी आमच्याकडे येऊन पेटीतलं गाणं शिकणार होती. मी होळी कुठल्या तारखेला आहे हे दिवसातून दोनदा बघत असे.

अशात दोह्याच्या एका वारसा-संस्थेचं ईमेल आलं. निरनिराळ्या देशांतल्या आदिवासी लोकांच्या गोष्टी आणि गाण्यांचा तिथे आठवडा होता. आमच्या यादीतून त्यांनी नेमकं हेच निवडलं होतं. लांबी सोयीची आणि गाणं पूर्ण, असं त्यांनी कौतुकानं लिहिलं होतं, आणि ते मंचावर गायला बुधीबाईंना, सोबत मला, बोलावलं होतं.

दोहा, विमानतळ

बुधीबाईंचं वय साठीच्या पुढे, विमान पहिलंच. माझंही पहिलंच, पण मी ते त्यांना सांगितलं नव्हतं. विमान उडालं तेव्हा त्यांनी खिडकीतून खाली बघितलं आणि "भुई चांगली लिवलेय" म्हणाल्या. वारली माणूस चित्र काढत नाही, लिहितो. मी डोळे मिटून होतो.

दोह्याला सामान तपासणाऱ्या तरुण अधिकाऱ्यानं त्यांच्या पिशवीची गाठ सोडली आणि सुक्या बोंबलांचा वास पार पलीकडच्या रांगेपर्यंत गेला. मला वाटलं, झालं, आता पुढच्याच विमानानं परत. अधिकाऱ्यानं एक बोंबील उचलला, हुंगला आणि शेजारच्या साहेबाला दाखवून अरबीत काहीतरी बोलला. दोघंही हसले. आमच्यामागे उभा असलेला एक केरळी मनुष्य हिंदीत म्हणाला, "बोलता है, उसकी दादी भी ऐसे ही सुखाती थी." अधिकाऱ्यानं गाठ स्वतः बांधून दिली. बुधीबाईंनी त्याला दोन बोंबील देऊ केले. त्यानं छातीवर हात ठेवून नको म्हटलं. माझा जीव भांड्यात पडला. या प्रवासात तो अनेकदा पडणार होता, पण आधी बराच टांगलेला राहून.

अल मन्सूरा

संस्थेनं हॉटेल दिलं होतं, पण कुंदा असताना हॉटेल म्हणजे भांडणाला निमंत्रण. कुंदा, तिचा नवरा अरविंद आणि तेरा वर्षांची तन्वी अल मन्सूरामध्ये एका जुन्या इमारतीत राहतात. खाली केरळी उडपी, शेजारी किराणा, तिथे कोथिंबिरीपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं. इथे अमुक मिळत नाही असं म्हणायची सोय नाही, म्हणून इथली मराठी माणसं "तिकडची चव नाही" असं म्हणतात.

अरविंद गॅसच्या कारखान्यात इंजिनियर आहे. बोलतो कमी, मोजतो फार. तन्वीला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. बुधीबाईंना इंग्रजी येत नाही आणि तन्वीला वारली येत नाही, तरी अर्ध्या तासात दोघी बाल्कनीत बसून एकमेकींना कबुतरं दाखवत होत्या.

जेवताना कुंदानं विचारलं, "कार्यक्रम कसाय रे दादा?" मी उत्तर देण्याआधी तन्वीनं माझ्या फायलीतला छापील कागद काढून वाचला. "वेडिंग साँग, कम्प्लीट, ट्वेल्व्ह मिनिट्स."

"काय सांगते पोर?" बुधीबाई म्हणाल्या.

"तुमचं लग्नाचं गाणं आहे परवा. बारा मिनिटं," कुंदा म्हणाली.

"बारा मिनटां म्हंजे किती?"

अरविंदनं हा प्रश्न गंभीरपणे घेतला. "कुकरमध्ये भात होतो ना मावशी, साधारण तेवढा वेळ."

बुधीबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "एवढ्यात तं तिसरा देव पन घरातना निंगत नाय!" मग त्यांचं हसू थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बारा कोनी सांगलां?"

"कारकुनाची चूक असेल," मी म्हणालो.

"कारकून कोन तुमचा?"

"दादाच आहे," कुंदा म्हणाली. सख्खी बहीण ती हीच.

मग मला सगळं सांगावं लागलं. खट् उडालेलं बटण, तासन्‌तास धरलेला मुका माइक, वहीतलं 'पूर्ण'. सांगताना मी डाळीच्या वाटीकडे बघत होतो. बुधीबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "गान्यात येकेका देवाला घरना बोलवतू. नारनदेव, हिमाय, कनसरी. लगीन लावून झाल्याव येकेकाला घरी पोचवतू. मंगच गानां संपतां. म्हंजे तुज्या पेटीत नऊ वरसां देव वाटंत उबं हायत?"

त्यांनी भातावर हात झटकला. "आनी सोनीला मी सांगलां, पेटीत समदां हाय."

समुद्रकाठ

दुसऱ्या दिवशी तंबूंच्या मैदानात रंगीत तालीम होती. समोर निळा समुद्र, काठाला लाकडी गलबतं, आणि पाठीमागे जिकडे बघावं तिकडे क्रेन. दोहा तेव्हा असं खणलेलं होतं, की रोज सकाळी टॅक्सीवाला नवा रस्ता शोधायचा आणि सापडला नाही की "इन्शाल्ला" म्हणायचा.

कार्यक्रमाची जबाबदारी मरियम नावाच्या तिशीतल्या कतारी बाईंकडे होती. काळा पायघोळ अबाया, हातात थांबघड्याळ, आणि घरातल्या स्वयंपाक्याकडून शिकलेली झकास हिंदी. "बुधी मॅडम, बारा मिनिट, खलास. उसके बाद आंटी डोरीन."

बुधीबाई मंचाच्या पायरीवर बसून राहिल्या. "लगीन नाय, नवरी नाय, आनी बारा मिनटां. मी नाय गात."

मी भाषांतर केलं. मरियमबाईंचा चेहरा पडला. कागद छापून झाले होते, निमंत्रणं गेली होती. त्यांनी मला अतिशय सभ्य हिंदीत विचारलं, की मग यादीत पूर्ण असं का लिहिलं होतं. मी रुमालानं मान पुसली. जानेवारीत तिथे उकडत नाही.

शेजारी आंटी डोरीन बसल्या होत्या. त्या ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी, सत्तरीच्या, गुडघा दुखरा, पर्समध्ये सदैव लिमलेटच्या गोळ्या. त्यांच्याकडे वडीलधाऱ्या बाईला आंटीच म्हणतात, हे ऐकून बुधीबाईंना त्या लगेच घरच्या वाटल्या होत्या. काय चाललंय ते त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. माझं इंग्रजी उलगडायला त्यांना एक गोळी तोंडात विरघळण्याएवढाच वेळ लागला.

"आमच्याकडे काही गोष्टी अंगणातल्या असतात, काही आतल्या खोलीतल्या," त्या म्हणाल्या. "पाहुण्यांना अंगणातली सांगायची. आतली ज्याची त्यालाच. तिला विचार, तुझं अंगणातलं काय आहे?"

मी विचारलं. बुधीबाई विचारात पडल्या. "कनसरीची गोठ हाय. दाना मानसाकडं कसा आला ती. ती पोरांना पन सांगतू."

"किती वेळ?" मरियमबाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"भात शिजतो तितका," बुधीबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून पहिल्यांदाच थोडं हसल्या. त्या हसण्यात माफी नव्हती, पण माफीच्या घराचं दार किलकिलं दिसत होतं.

गोष्ट दुसऱ्या संध्याकाळी झाली. माझ्या भाषांतरात कनसरीचा दाणा दोनदा हरवला, तरी लोक खूश होते. पहिल्या रांगेत वसईच्या दोन नर्स बसल्या होत्या. त्यांतली एक गोष्ट संपल्यावर धावत आली, बुधीबाईंचे हात धरून म्हणाली, "आमच्या वाडीवर भात कापायला यायची ना, ती माणसं असंच बोलायची हो!" बुधीबाईंनी तिला विचारलं, मजुरी वेळेवर देत होतात का. नर्सबाईंनी हसता हसता धरलेले हात सोडले आणि खरं सांगितलं, "कधीकधी नाही." बुधीबाईंनी मान डोलावली. संस्कृतीच्या आठवड्यातला मला सगळ्यात खरा वाटलेला संवाद हाच.

मंचाचं निभावलं. पेटीतले देव मात्र अजून वाटेतच होते.

उम्म सलाल मोहम्मद

शुक्रवारी सुट्टी. मरियमबाई आम्हाला सगळ्यांना, कुंदाच्या घरच्यांना आणि आंटी डोरीननाही, उत्तरेला उम्म सलाल मोहम्मदला घेऊन गेल्या. गावात नवी घरं, दुकानं, आणि मध्येमध्ये खजुरीची शेतं. तिथल्या एका जुन्या चौकाच्या घरात त्यांच्या संस्थेचा आवाजांचा संग्रह आहे. आमच्या जव्हारला कपाट एक आणि उंदीर अनेक. इथे गालिचे, काचेची खोली, आणि असं यंत्र, की त्यात टेपच नाही. मी त्यांना विचारलं, "ये कितना टाइम चलता है?"

"जितना चाहिए."

मला ते उत्तर कानाला अत्तर लावल्यासारखं वाटलं.

मरियमबाईंनी त्यांच्या आजोबांची टेप ऐकवली. मोती काढायला महिनोन्महिने समुद्रावर जाणाऱ्या गलबतांवर एक माणूस फक्त गाण्यासाठी असे. त्याच्या गाण्यावर बाकीचे वल्ही मारत, दोर ओढत. आजोबा तसे गाणारे. खोल, खरखरीत आवाज, मागे माणसांचा घुमणारा हुंकार. आणि मध्येच, एका शब्दाच्या ऐन मध्यात, खट्.

"टेप खतम हो गया था," मरियमबाई म्हणाल्या. "अगले साल बाकी रेकॉर्ड करेंगे, मेरे बाबा बोले. अगले साल दादा नहीं रहे. हमारे रजिस्टर में भी लिखा है, पूर्ण."

मी बुधीबाईंसाठी भाषांतर करायला तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "समजलां." त्या उठून त्या यंत्राजवळ गेल्या. मग विचारलं, "ह्या बटन उडत नाय?"

"नाही."

"मंग मी गातू. पन लगीन पायजे. लगनाबिगर देवांना बोलवून काय सांगू, कशाला बोलावलां?"

दोह्यात शुक्रवारी दुपारी वारली पद्धतीनं लग्न करायला कोण तयार मिळणार? आम्ही सगळे एकमेकांकडे बघू लागलो. बुधीबाई मात्र कुंदाकडे बघत होत्या.

"तुमचां लगीन कोनी गाइलां?"

कुंदा हसली. "आमचं कुठलं गाणं मावशी! ठाण्याच्या रजिस्टर ऑफिसात सह्या केल्या. बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो."

"किती येळ लागला?"

"अकरा मिनिटं," अरविंद म्हणाला. मोजणारा माणूस.

ही हकीकत मला सविस्तर माहीत असायला हवी होती, पण मी तिथे नव्हतो. अरविंद आमच्या जातीतला नाही. वडिलांनी घरात कुणाशीही बोलणं टाकलं होतं. साक्षीदार म्हणून सही करायला येतो, असं मी कुंदाला वचन दिलं होतं. बसस्टँडपर्यंत गेलो, तिकीट काढलं, बस लागली, आणि मी परत घरी आलो. याला बावीस वर्षं झाली. कुंदानं कधी विषय काढला नाही. माझ्यासाठी दर दिवाळीला शर्ट पाठवते. दर वेळी तो अंगात घालताना मला बसस्टँड दिसतं.

"आमच्यात पुष्कळांचां लगीन मागाहून व्हतां," बुधीबाई समजावून सांगत होत्या. "भात चांगला पिकला म्हंजे. पोरां व्हतात, नातू व्हतात, मंग आय-बापाचां लगीन. त्यात लाज कसली?"

"मम्मा, प्लीज!" तन्वी उड्या मारू लागली. "आय वॉन्ट टू अटेंड युअर वेडिंग!"

कुंदाचे गाल लाल झाले. "वेड लागलंय का? या वयात? ह्यांना विचारा."

अरविंदनं घड्याळ काढून खिशात ठेवलं. "माझी हरकत नाही," तो म्हणाला. "यल्ला, चला."

मग धावपळ. हळद आणि तांदूळ गावातल्या दुकानात मिळाले, नारळही मिळाला. देवांना ताडी लागते, ती त्या देशात कुठली? बुधीबाईंनी खजुरीच्या झाडांकडे बघितलं. "ह्या ताडाचा भावबंद हाय. खजूर कोळून द्या पान्यात."

"देवांना चालेल?" मी विचारलं.

"पावना म्हनून आलाय तो. घरात असल तां खाल."

दुपारी दोनच्या सुमाराला त्या गालिच्यावर बसल्या. आंटी डोरीन दुखरा गुडघा लांब करून भिंतीला टेकल्या. मरियमबाईंनी थांबघड्याळ पर्समध्ये टाकलं. बुधीबाईंनी डोळे मिटले आणि पहिल्या देवाला त्याच्या घरातून हाक मारली.

चार तास त्या गात होत्या. मला वाटलं होतं म्हातारीचा आवाज फुटेल, थकेल. तो मधूनमधून फाटला, त्यांनी पाण्याचा घोट घेतला, पुन्हा तिथूनच धागा उचलला. बारा मिनिटं झाली तेव्हा माझी पाठ आपोआप ताठ झाली. काहीही उडालं नाही. तिसरा देव घरातून निघाला, नदीपाशी आला, नदी ओलांडून पलीकडे गेला. त्याच्या पुढचं गाणं मी नऊ वर्षांपूर्वी ऐकलं होतं, पण तेव्हा लाजेनं कान बंद होते.

हळद लागली, तन्वी स्वतःच्या आईची करवली झाली, तांदूळ पडले. तेवढ्यात कुंदा एकदम म्हणाली, "थांबा. नवरीच्या भावाचं राहिलंय."

"काय?" मी म्हणालो.

"कानपिळी. नवऱ्याचा कान कोण पिळणार? आला आहेस ना आता?"

तिचा आवाज थट्टेचा होता, पण डोळे भरले होते. मी उठलो. बुधीबाईंनी गाणं न थांबवता मला वाट दिली. मी अरविंदचा कान धरला. बावीस वर्षांचं व्याज हातात आलं असावं, कारण तो "आई गं!" असा ओरडला, की यंत्रावरचा काटा थेट टोकाला गेला. मरियमबाई हसून हसून भिंतीला लागल्या. कुंदा मात्र माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही. या ठिकाणी विनोद करायचा माझा विचार होता, पण सुचत नाही.

मग एकेका देवाला बुधीबाईंनी घरी पोचवलं. शेवटचा देव उंबऱ्याच्या आत गेला, तेव्हा त्या थांबल्या, पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, "आथां निजव तुजी पेटी."

येताना रस्त्यात कडक चहा प्यायलो. कागदी पेल्यात, वेलची घातलेला. असा चहा मी पुन्हा प्यायलो नाही. चहा तोच असेल, पण छातीवरून नऊ वर्षांचं ओझं उतरल्यावर तो नेहमी नेहमी कसा मिळणार?

जव्हार

मरियमबाईंनी तबकड्या दिल्या, आणि माझ्या हट्टानं कॅसेटवरही उतरवून दिलं. होळीनंतर सोनी आली, बरोबर पाड्यावरच्या चार पोरी आणि बुधीबाई. बुधीबाईंनी अट घातली होती, "शिकाया ऐकलां तं चालतां. पन देव घरी पोचोस्तर कोनी उठाचा नाय. कॅशेट पलटायला देव थांबतील, तितकी समज हाय त्यांना."

त्या दिवशी भारनियमन होतं. वीज अकरा वाजता जाते हे मला माहीत होतं, म्हणून बारा सेल आणून ठेवले होते. आयुष्यात प्रथमच मी एखादी गोष्ट आधी केली होती. वीज गेली, पंखा थांबला, यंत्र सेलवर चालत राहिलं. पोरी ओठ हलवत ऐकत होत्या. अरविंदचा "आई गं!" आला तेव्हा फिसकन् हसल्या, सोनीनं दटावलं.

मी कोपऱ्यात रजिस्टर उघडलं. जुन्या नोंदीतल्या 'पूर्ण' वर आडवी रेघ मारून 'अपूर्ण, टेप संपली, चूक माझी' असं लिहिलं. खाली नवी नोंद केली. गाणार बुधीबाई. प्रसंग कुंदा आणि अरविंद यांचं लग्न. लांबी चार तास सात मिनिटे. शेवटचा रकाना मोकळा ठेवला.

दुपारी तिसरी कॅसेट संपत आली. शेवटचा देव घरी पोचला. यंत्रातून कुंदाच्या नाक ओढण्याचा आवाज आला, मग नुसती खरखर. पोरी उठल्या नाहीत. मी बुधीबाईंकडे बघितलं.

"पोचलं समदं," त्या म्हणाल्या. "लिव आथां."

मी शेवटच्या रकान्यात लिहिलं, आणि मग बटण दाबलं. या वेळी ते मी दाबलं.